कॅराव्हॅनची नैऋत्य दिशा

मी व्यवसायाने सेफ्टी ऑफिसर आहे, आणि आमच्या घरात आजवर झालेले सगळे अपघात मीच केलेले आहेत.

दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत रोज सकाळी सहा वाजता मी दीडशे माणसांना रांगेत उभं करून सुरक्षिततेवर बोलतो. वजन कसं उचलावं, कुठे ठेवावं, उचलण्याआधी विचार कसा करावा. माणसं शांतपणे ऐकतात. (त्यांना पळून जाता येत नाही, हेही एक कारण असेल.) राहायला मी शारजाला. त्यामुळे रोज जाऊन-येऊन तीन तास ट्रॅफिकमध्ये काढतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांच्या ड्रायव्हिंगमधल्या चुका मोजतो.

एवढं असूनही माझे सासरे नाना यांना माझं काम कधी पटलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी, मुलगी बघायला गेलो तेव्हा, पोह्यांची बशी पुढे सरकवत त्यांनी विचारलं होतं, "सेफ्टी ऑफिसर म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" मी दहा मिनिटं उत्तर दिलं. ते ऐकून नाना म्हणाले, "बरं." त्या "बरं"चा सल माझ्या मनातून आजही गेलेला नाही. स्वतः नाना कराडकडच्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं ऊस वाहतुकीवर होते. आधी ट्रॅक्टर चालवला, मग दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या सगळ्या ट्रॅक्टरांवर देखरेख केली. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही काय करता. ऊस कारखान्यात पोचायचा, एवढंच.

या हिवाळ्यात नाना आणि सासूबाई, म्हणजे आई, आमच्याकडे आले. नानांचा पंचाहत्तरावा वाढदिवस इथेच होता. माझी बायको वृंदा म्हणाली, "नाना, काय हवं ते सांगा. सोनं? घड्याळ?"

नानांनी बराच विचार केला. "गणपतीपुळ्याला समुद्रात सूर्य बुडताना बघितलाय. चार वेळा बघितलाय. समुद्रातून वर येताना नाही बघितला कधी. इथं जमतंय का तेवढं बघा."

मी ताडकन उभा राहिलो. जमतंय का? खोर फक्कान! पूर्वेचा किनारा, समोर समुद्र, समुद्रातून सूर्य. शनिवारी दुपारपर्यंत पोचायचं, समुद्राकाठी मुक्काम करायचा, आणि रविवारी, वाढदिवसाच्या दिवशी, नानांना खुर्चीत बसवून सूर्य दाखवायचा. हॉटेल नको. कॅराव्हॅन! गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. माझ्याकडे पिकअप होताच (डबल कॅबिन, पांढरा, तीन वर्षांत त्यातून मी फक्त किराणा आणला होता), आणि कॅराव्हॅन माझा मित्र पाटणकर याच्याकडे होती. पाटणकर दुबईत अल मनखूलला केटरिंग करतो. समुद्रकिनारी मिसळ विकायची म्हणून त्याने ती घेतली, परवाना मिळाला नाही, आणि तेव्हापासून ती शारजातल्या एका आवारात धूळ खात पडली होती.

"घेऊन जा," पाटणकर म्हणाला. "पण ती जड आहे हां, आणि तुझा पिकअप तसा हलका. सामान कसं भरायचं ते व्हॉइस नोटमध्ये पाठवतो. पूर्ण ऐक."

चार मिनिटांची व्हॉइस नोट आली. मी अर्धा मिनिट ऐकली. मग मला वाटलं, सुरक्षिततेबद्दल हा मला काय शिकवणार? मी बंद केली.

शनिवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत कॅराव्हॅन उभी राहिली. मी घरातल्या प्रत्येकाला चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जॅकेट दिलं. हेल्मेटं दिली. नियम वाचून दाखवले आणि खाली सह्या घेतल्या. माझी बारा वर्षांची मुलगी ईरा म्हणाली, "बाबा, वी आर गोइंग टू द बीच." मी तिला "धोक्याची जाणीव नसणे" या सदरात नोंदवलं.

नाना जॅकेट घालून कॅराव्हॅनभोवती एक चक्कर मारून आले. मागच्या टायरशी थोडे थांबले. "सुधीरराव, सामान भरताना मला एकदा हाक मारा."

"नाना, तुम्ही निवांत खुर्चीत बसा. हा माझा विषय आहे."

"बरं," नाना म्हणाले.

खरी गोष्ट अशी की सामान भरणं माझ्या हातात नव्हतंच. ते सासूबाईंच्या हातात होतं. आई वास्तुशास्त्र मानतात. मानतात म्हणजे, कराडचं घर बांधताना त्यांनी जिना दोनदा पाडायला लावला होता. कॅराव्हॅनच्या दारात उभ्या राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नैऋत्य कुठं येते?"

ईराने फोनवरचं होकायंत्र उघडलं. कॅराव्हॅनचं तोंड होतं ईशान्येला. म्हणजे शेपूट बरोबर नैऋत्येला. गॅसची शेगडी उजव्या हाताला, म्हणजे आग्नेयेला. आईंना भरून आलं. "अगं, कुणी तरी विचार करून बांधलेली दिसतेय! जड सगळं मागे ठेवा, नैऋत्येला. ईशान्य हलकी आणि मोकळी पाहिजे."

"आई," मी म्हणालो, "ही गाडी आहे. थोडं वजन पुढेमागे..."

"सुधीरराव, रात्री राहायचं म्हणजे घरच झालं ना? नानांचं पंचाहत्तरावं वर्ष आहे. आता काही कमी-जास्त झालं तर?"

दीडशे माणसांना रोज बजावणारा मी यावर म्हणालो, "तसं नाही, मागेच ठेवू."

आणि मागे ठेवलं काय? वीस लिटरच्या पाण्याच्या बारा बाटल्या, कारण परगावचं पाणी नानांना सोसत नाही. तांदळाचं पोतं. पुरणासाठी डाळ, गूळ आणि पुरणयंत्र. एक बिडाचा तवा, जो आईंनी कराडहून विमानातून आणला होता. (विमानतळावर तो तपासायला दोन अधिकारी लागले, उचलायला तिसरा.) चार कलिंगडं. जनरेटर. सहा लोखंडी खुर्च्या. शिवाय मागच्या बाजूलाच असलेली कॅराव्हॅनची पाण्याची टाकी मी काठोकाठ भरली, कारण टाकी रिकामी ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पुढच्या टोकाला, ईशान्येला, आईंनी पाट मांडला. त्यावर देवांचा छोटा फोटो, पाण्याचा तांब्या आणि उदबत्तीचा पुडा.

आता जोडणी. कॅराव्हॅनच्या पुढच्या दांड्याचं टोक उचलून पिकअपच्या मागच्या हुकावर बसवायचं असतं. मी वाकून बळ एकवटलं, कंबर सांभाळली, आणि ते टोक दोन बोटांनी वर आलं!

"बघा!" मी ओरडलो. "म्हणे जड आहे! पाटणकरला उगाच घाबरवायची सवय आहे."

वृंदाने फोटो काढला. फोटोत मी पिवळं जॅकेट आणि हेल्मेट घालून दोन बोटांवर आख्खी कॅराव्हॅन तोलतोय, दुसऱ्या हाताचा अंगठा वर. पाठीमागे खुर्चीतून नाना अर्धे उठलेले दिसतात. त्यांचं तोंड उघडं आहे. मी त्यांना हाताने बसा म्हणालो, तो क्षण फोटोत नाही.

"यल्ला, निघू या!" मी म्हणालो, आणि आम्ही निघालो.

शहरात वेग कमी, त्यामुळे सगळं छान चाललं होतं. पिकअपची मागची बाजू थोडी उचलल्यासारखी झाली होती, पण मला तो गाडीचा उत्साह वाटला. मग वाळवंटातला मोकळा महामार्ग लागला. मी नव्वद केले. मग शंभर. मागून नाना म्हणाले, "सुधीरराव, ट्रॉली शेपूट हलवतेय."

"वारा आहे, नाना."

"वारा नाही वाटत."

"हा रस्ता मला माहीत आहे, नाना. तुम्ही जरा डोळे मिटा."

डोंगर जवळ आले आणि उतार लागला. उतारावर एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला, आणि आरशात मला कॅराव्हॅन डावीकडून दिसली. मग उजवीकडून. मग पुन्हा डावीकडून, आधीपेक्षा जास्त. पिकअपही तिच्याबरोबर डुलायला लागला. मागच्या सीटवर ईरा खिडकीतून बाहेर बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, व्हाय इज द कॅराव्हॅन ओव्हरटेकिंग अस?"

अशा वेळी घाबरून ब्रेक दाबू नये, यावर माझं एक संपूर्ण व्याख्यान आहे. चित्रांसकट आहे. मी घाबरलो आणि ब्रेक दाबायला पाय उचलला.

"ब्रेक नको!" नानांचा आवाज आला. पंधरा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. तो ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या उतारावरून आणणाऱ्या माणसाचा आवाज होता. "ब्रेकला पाय लावायचा नाही. रेसवरचा पाय काढा. नुसता काढा. स्टिअरिंग सरळ. ती गेली तिकडं जाऊ द्या, तुम्ही जाऊ नका. सरळ. सरळच."

मी पाय काढला. स्टिअरिंग सरळ धरलं. आई देवाचं नाव घेत होत्या, वृंदाने डॅशबोर्ड घट्ट धरला होता, आणि मला खरंच वाटलं की मी माझ्या माणसांना मारणार. साठ. पन्नास. चाळीसला कॅराव्हॅन आणखी दोनदा हलली आणि मुकाट मागे आली. मी जीव मुठीत धरून, धोक्याचे दिवे लावून, पुढच्या पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत गाडी नेली. बंद केली.

तिथे सावलीत एक पाण्याचा टँकर उभा होता. त्याचा चालक, दाढी पांढरी झालेला एक पठाण, चहा पीत होता. नाव गुल खान. त्याने पेला खाली ठेवला, आमच्याभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या टायरशी थांबला. नेमका तिथेच, जिथे सकाळी नाना थांबले होते. मागून नाना आले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. दोघांचेही हात पाठीमागे बांधलेले.

"पीछे क्या डाला है, हाजी साब?" गुल खानने नानांना विचारलं. "पूरा घर?"

"हां. पूरा घर," नाना म्हणाले.

"और आगे?"

नानांनी क्षणभर विचार केला. "आगे भगवान."

गुल खानने माझ्याकडे बघितलं. माझ्या जॅकेटवरची 'सेफ्टी ऑफिसर' ही मोठी अक्षरं त्याने सावकाश वाचली. "यह साब कौन है?"

"जमाई. सेफ्टी में है," नाना म्हणाले, आणि आवाजात कसलाही खवचटपणा न आणता म्हणाले, त्यामुळे ते फार लागलं.

मग नानांनी मला जवळ बोलावलं आणि शिकवलं. वजन चाकाच्या मागे गेलं की ट्रॉलीचं शेपूट जड होतं आणि नाक वर येतं. ते नाक ओढणाऱ्या गाडीलाही वर उचलतं, मग त्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड सुटते, आणि मग मागचं शेपूट पुढच्याला नाचवतं. जड माल चाकांवर आणि चाकांच्या जरा पुढे. अगदी नाकातही नको. "टोक दोन बोटांनी उचललंत ना सकाळी? तेव्हाच समजायला पाहिजे होतं. टोकाला वजन हवं. ते दोघांना जड जायला हवं."

"नाना, तुम्ही सकाळी का नाही सांगितलंत?"

उत्तर वृंदाने दिलं. "तीनदा सांगितलं त्यांनी. तिन्ही वेळा तू त्यांना बसवलंस."

मी तिथेच, पेट्रोल पंपामागे उभा राहून, पाटणकरची व्हॉइस नोट पूर्ण ऐकली. अर्ध्या मिनिटानंतर पहिलं वाक्य होतं, "सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे जड काही ठेवू नकोस." ईराने गाडीच्या खणातलं मॅन्युअल काढून पिकअप किती वजन ओढू शकतो तेही वाचून दाखवलं. "बाबा, विथ ऑल द वॉटर, वी आर ओव्हर." म्हणजे पाणीही उतरवायचं होतं. बारातल्या दोन बाटल्या ठेवल्या. आठ गुल खानच्या टँकरमध्ये गेल्या, दोन बाटल्या आणि टाकीतलं सगळं पाणी तिथल्याच एका घाफच्या झाडाला. वाळवंटातल्या त्या झाडाला इतकं पाणी त्याच्या जन्मात कुणी घातलं नसेल.

राहिलेलं सामान पुढे घ्यायची वेळ आली, आणि घोडं पुन्हा अडलं. आई कॅराव्हॅनच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"जड ईशान्येला? आणि तेही उद्या यांचा वाढदिवस असताना? मी नाही ठेवू देणार."

"अम्माजी," गुल खान हात जोडून म्हणाला, "घर खड़ा रहता है. यह तो चलता है."

"चलता है तो क्या हुआ, भाऊ? आदमी तो अंदर ही सोएगा ना?"

गुल खान नानांकडे बघू लागला. नानांनी मान हलवली. या आघाडीवर तेही पन्नास वर्षांपूर्वीच हरले होते. मी हात टेकले. समोर डोंगर, डोंगरापलीकडे समुद्र, दिवस कलायला लागलेला, आणि मी नानांना दिलेला एकुलता एक शब्द एका बिडाच्या तव्यापाशी अडकून पडलेला.

ईरा फोन हातात आडवा धरून गाडीपुढे गेली. मग मागे आली. मग म्हणाली, "आजी, इफ वी टर्न द होल थिंग अराउंड, फ्रंट विल बी साउथ-वेस्ट."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"काय म्हणतेय ही?" आईंनी विचारलं.

"म्हणतेय," वृंदा म्हणाली, "गाडीचं तोंड फिरवून नैऋत्येला केलं, तर पुढचीच बाजू नैऋत्य होईल. मग जड पुढे ठेवता येईल."

आईंनी विचार केला. होकायंत्र स्वतः बघितलं. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आधीच नाही का सांगायचं?"

नाना आणि गुल खान दोन टोकांना उभे राहिले आणि हातवारे करत त्यांनी माझ्याकडून ती गाडी त्या मैदानात एक मोठं वळण घेऊन फिरवली. गाडीचं तोंड शारजाकडे, नैऋत्येला झालं. आईंनी पाट आणि देव नव्या ईशान्येला, म्हणजे शेपटीला हलवले. मग पोतं, जनरेटर, कलिंगडं आणि तवा चाकांच्या जरा पुढे, नानांनी बोटाने दाखवलं तिथे ठेवले, आणि पट्ट्यांनी बांधले. गुल खानने हुक सोडवून मला सांगितलं, "अब उठाओ." मी दोन बोटं लावली. मग दोन हात लावले. मग तो आणि मी दोघांनी मिळून जेमतेम उचललं.

"अब ठीक है," तो म्हणाला. "अब अस्सी से ऊपर नहीं, हबीबी."

सामान लागल्यावर आम्ही पुन्हा वळण घेऊन गाडी खोर फक्कानकडे वळवली. आई समाधानाने सीटवर बसल्या होत्या. दिशा पुन्हा बदलल्या हे त्यांना कळलं नसेल असं मुळीच नाही. पण भरताना दिशा बरोबर असली की झालं, असा काही नियम त्यांनी त्या पाच मिनिटांत केला असावा. ईरा काही बोलायला तोंड उघडणार होती. वृंदाने तिच्या तोंडात चिक्की घातली.

उरलेला रस्ता मी सत्तरने गेलो. नाना आता पुढे, माझ्या शेजारी होते. मी अधूनमधून विचारत होतो, "नाना, बरोबर आहे ना?" ते म्हणत होते, "बरोबर आहे." बोगदे गेले, उतार गेले. कॅराव्हॅन शहाण्यासारखी मागे येत होती. उन्हं उतरता उतरता आम्ही समुद्रापाशी पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वेटर घालून लोखंडी खुर्चीत बसले. त्यांच्या शेजारी आई, हातात औक्षणाचं ताट. दूर बंदरातल्या क्रेन काळ्या दिसत होत्या. आणि मग पाण्यातून ते लाल टोक वर आलं. सूर्य पूर्ण वर आला तेव्हा त्यांनी पायातल्या चपला काढल्या, उठून हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे ओले होते. माझेही झाले. कालच्या उतारावर मी ब्रेक दाबला असता, तर ही खुर्ची रिकामी असती. हे मी कुणाजवळ बोललो नाही, पण दिवसभर माझ्या मनातून गेलं नाही.

आईंनी ओवाळलं. बिडाच्या तव्यावर पुरणपोळ्या झाल्या. (त्या तव्याबद्दल मी आधी जे काही लिहिलं, ते मागे घेतो.) मग नानांना कराडहून फोन आला. कारखान्यातला त्यांचा जुना सोबती, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला. मी पोळी हातात घेऊन जवळच बसलो होतो. नाना मोठ्याने बोलत होते. सूर्याचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं, गुल खानचं सांगितलं. मग पलीकडून काही तरी विचारलं गेलं.

"जावई? आहेत ना, इथंच बसलेत," नाना म्हणाले. "सेफ्टी ऑफिसर आहेत... हो, हो. फार जोखमीचं काम आहे."

पंधरा वर्षांनी माझा ऊर भरून आला. मी पोळी ताटात ठेवली आणि ताठ बसलो.

"नाही, त्यांना काही नसतं," नाना फोनमध्ये म्हणाले. "बरोबरच्यांना जोखीम असते."